पिकअपचा डिझेल फिल्टर घरी बदलताना

आंब्याच्या पेट्यांनी भरलेली पिकअप रत्नागिरीहून साखरप्यापर्यंत मजेत येते. आंबा घाट लागला की तिची ओढ संपते. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी तिसऱ्यात धरत नाही, दुसऱ्यात कुंथते, आणि माथ्यावर पोचून कोल्हापूरच्या वाटेला लागली की काही झालेच नव्हते अशी पळू लागते. गॅरेजमध्ये मग क्लचप्लेटपासून टर्बोपर्यंत सगळ्यांची झडती होते. या संशयितांत जे नाव पहिले हवे ते बहुधा शेवटी येते, आणि ते म्हणजे डिझेल फिल्टर.

घाटातच का अडते याचे कारण साधे आहे. इंजिन आयडलिंगला असते तेव्हा त्याला डिझेल जेमतेम लागते. अर्धा चोक झालेला फिल्टरही तेवढे पुरवतो. भरल्या गाडीने चढ घेताना मागणी कितीतरी पटीने वाढते आणि तेव्हाच फिल्टर हात वर करतो. एअर फिल्टर तुंबला किंवा टर्बोचा होस फुटला तरी ओढ जाते, पण हवा कमी पडली की सायलेन्सरमधून बहुधा काळा धूर निघतो. डिझेलच कमी पडत असेल तर धूर वाढत नाही, नुसता जोर जातो. सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागणे, चालता चालता गाडीने झटके खाणे, डॅशबोर्डवर डिझेलमधल्या पाण्याचा दिवा लागणे ही बाकीची लक्षणे.

फिल्टर बदलायचे काम घरी होते. सवयीच्या माणसाला अर्धा-पाऊण तास, पहिल्यांदा करणाऱ्याला निवांत सकाळ लागेल. अवघड त्यात फिल्टर काढणे-बसवणे नाहीच. नव्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूला कचरा जाऊ न देणे आणि आत शिरलेली हवा धीराने बाहेर काढणे, यातच सगळे आहे. आणि त्याही आधी एक गोष्ट पाहायची.

आधी इंजिन ओळखा

महिंद्राच्या पिकअपचेच उदाहरण घ्या. जुने डीआय इंजिन 2,523 सीसीचे आणि पुढे आलेले एमटूडीआयसीआर इंजिनही 2,523 सीसीचेच. बाहेरून भाऊ-भाऊ वाटतात. डिझेल पुरवण्याची रीत मात्र पूर्ण वेगळी. जुन्यात यांत्रिक पंप एकेका नोझलला पाळीपाळीने डिझेल देतो. नव्यात पंप सगळे डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबून भरून ठेवतो आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते संगणक ठरवतो. गॅरेजच्या भाषेत पहिली साधी गाडी आणि दुसरी सेन्सरची.

कागदपत्रांवरून ओळखायचे तर 1 एप्रिल 2020 पासूनची बीएस-6 पिकअप कॉमन रेलचीच समजा. त्याआधीची असेल तर बोनेट उघडून पाहा. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा कनेक्टर दिसला आणि सगळ्यांचे लोखंडी पाइप एकाच जाड नळीला जोडलेले असले, तर ती कॉमन रेल.

हे ओळखणे एवढे महत्त्वाचे का? आपल्याकडच्या फिटरांची एक अख्खी पिढी यांत्रिक पंपावर तयार झाली. बंगळुरूची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, 1951 पासूनची. 2008 मध्ये तिचे नाव बॉश झाले, तरी गॅरेजमध्ये आजही मायको पंपच म्हणतात. त्या पंपावर एअर काढायची ठरलेली रीत होती: नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट सैल करायचा, एकाने सेल्फ मारायचा, फेस जाऊन अखंड डिझेल आले की नट आवळायचा. त्या इंजिनासाठी ती रीत अजूनही बरोबर आहे.

कॉमन रेलवर हेच केले तर हात जाऊ शकतो. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये आपण 60-65 पीएसआय हवा भरतो, म्हणजे साडेचार बारच्या आत. चालू इंजिनाच्या रेलमधला दाब हजार ते दोन हजार बारच्या घरात जातो. या दाबाची सुईसारखी चिळकांडी हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतेही फारसे नाही, आणि आत डिझेल पसरत जाते. असे कधी कुणाला झालेच, तर हळद लावून घरी बसू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला जा आणि ‘जास्त दाबाचे डिझेल आत गेले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट कापावे लागू शकते.

तेव्हा पक्का नियम: कॉमन रेलच्या गाडीत पंपापासून इंजेक्टरपर्यंतचा एकही लोखंडी पाइप हलवायचा नाही. आपले काम टाकी ते फिल्टर आणि फिल्टर ते पंप एवढ्याच कमी दाबाच्या भागात. इंजिन बंद केल्यावर दाब उतरायला वेळ लागतो, शिवाय गरम इंजिनावर डिझेल सांडणेही बरे नाही. तास-दोन तास गाडी थंड होऊ द्या.

फिल्टर विकत घेताना

जुन्या फिल्टरवरचा किंवा गाडीच्या पुस्तिकेतला भाग क्रमांक लिहून घ्या आणि त्याच क्रमांकाचा घ्या. नुसते ‘पिकअपचा डिझेल फिल्टर द्या’ म्हणालात तर दुकानदार देईल तो आट्यांना बसेलही, पण आतला कागद त्या इंजिनासाठी आहे का हे बाहेरून कळत नाही. कॉमन रेलच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये हलत्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. जुन्या इंजिनाचा कागद ज्या कणांना सोडतो, ते कण इथे इंजेक्टर घासून खातात.

नकली फिल्टर बाजारात आहेतच. माझे मत विचाराल तर गाडीच्या बाकी कुठल्याही भागात काटकसर करा, इथे नको. अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊन घ्या. खोक्यात नवे रबरी सील, ओ-रिंग आणि वायसर आहेत का पाहा, नसतील तर वेगळे मागून घ्या. काही गाड्यांत फिल्टरच्या बुडाला पाण्याचा सेन्सर असतो. तो बहुधा जुन्यातून काढून नव्याला लावायचा असतो, म्हणजे त्याचीही ओ-रिंग हवी.

जुन्या डीआय इंजिनावर काही ठिकाणी एकाशेजारी एक असे दोन फिल्टर असतात. पहिला भरड गाळणारा, दुसरा बारीक. दोन्ही बदलायचे असतील तर एक आज आणि एक पुढच्या महिन्यात असे करू नका.

वॉरंटीतल्या बीएस-6 गाडीबद्दल वेगळे सांगतो. काही गाड्यांत फिल्टर बदलल्यावर पंप चालवून एअर काढणे किंवा फिल्टरची नोंद पुसणे हे संगणक जोडूनच होते. पुस्तिकेत तसे लिहिले असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरलाच द्या.

काम

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून उभी करा. जागा मोकळ्या हवेची हवी. आसपास चूल, शेगडी, विडी-सिगारेट काही नको. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नसले तरी डिझेलात भिजलेली चिंधी झकास पेटते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हाताशी रिंग पाने, फिल्टर काढायचा पट्टा किंवा चेन पाना, पक्कड, लिटर-दोन लिटरचे पसरट भांडे, धागे न सुटणारी स्वच्छ सुती फडकी, रबरी हातमोजे, चष्मा आणि एक पारदर्शक काचेची बाटली ठेवा. बाटली कशासाठी, ते पुढे येईल.

बोनेटच्या गाडीत फिल्टर बहुधा बोनेटखालीच दिसतो. ज्या छोट्या मालगाड्यांत इंजिन सीटखाली असते, तिथे तो चॅसीच्या कडेला सापडतो आणि चिखलाने माखलेला असतो. इथेच घाई होते. नट सैल करण्याआधी फिल्टर, त्याचे डोके, पाइपांची तोंडे ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने पुसून लख्ख करा. वरून प्रेशरने पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये शिरते. पुसण्याची ही दहा मिनिटे तुम्हाला वाया गेलेली वाटतील. पण डोके उघडे पडल्यावर वरून पडलेला मातीचा कण फिल्टरच्या पुढच्या बाजूला जातो, आणि तिथून इंजेक्टरपर्यंत त्याला अडवायला कुणी नसते.

पाइप काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. कुठला आत येणारा, कुठला पंपाकडे जाणारा, कुठला टाकीत परत जाणारा, यावर चिकटपट्टीच्या खुणा करा. फिल्टरच्या डोक्यावर बाण असतात, तेही पाहून ठेवा. पाइपांना प्लास्टिकचे खटक्याचे जोड असतील तर दोन्ही कानांवर दाबून सरळ ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटले की कान तुटतो, आणि मग त्या दोन रुपयांच्या कानासाठी अख्खा पाइप आणावा लागतो. काढलेल्या प्रत्येक तोंडाला स्वच्छ पिशवी बांधा.

आता बुडाचा ड्रेन स्क्रू सैल करून फिल्टरमधले डिझेल आधी काचेच्या बाटलीत घ्या, उरलेले भांड्यात. मग फिल्टर पट्टा पान्याने डावीकडे फिरवून सोडवा. सेन्सर हाताने किंवा त्याच्या मापाच्या पान्यानेच काढा, त्याचे आटे प्लास्टिकचे असतात.

फिल्टर निघाला की डोक्याच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून बघा. जुने रबरी सील पुष्कळदा फिल्टरबरोबर न येता वरच चिकटून राहते. काळ्या धातूवर काळे रबर, नजरेला पटकन दिसत नाही. बोटाने गोल चाचपून पाहा. ते तसेच राहिले आणि त्याच्यावर नवे सील बसले, तर फिल्टर आवळल्यासारखा वाटतो आणि गाडी मात्र दुसऱ्या दिवसापासून एअर घेऊ लागते. सील काढताना स्क्रू ड्रायव्हरने डोक्यावर ओरखडा पाडू नका.

नव्या सीलला बोटाने स्वच्छ डिझेल चोळा. ग्रीस नको. फिल्टर हाताने आट्यांवर चढवा. पहिले दोन फेरे अगदी हलके गेले पाहिजेत. जड लागले तर आटे तिरपे धरलेत, उलटा फिरवून पुन्हा लावा. ॲल्युमिनियमच्या डोक्याचे आटे एकदा गेले की ते डोकेच बदलावे लागते. सील टेकल्यावर फिल्टरवर लिहिले असेल तेवढे, साधारणपणे आणखी अर्धा ते पाऊण फेरा, हातानेच. बसवताना पाना वापरायचा नाही. आत नुसता कागदी गाभा बदलायचा प्रकार असेल तर झाकणाची ओ-रिंग तिच्या खाचेतच बसली आहे ना ते पाहा आणि झाकण ठरलेल्या खुणेपर्यंत आवळा.

नवा फिल्टर डिझेलने काठोकाठ भरून बसवावा असे जुने फिटर सांगतात. यांत्रिक पंपाला ते चालून जायचे. कॉमन रेलला नाही. फिल्टरच्या तोंडावर मधोमध आट्यांचे मोठे भोक असते आणि भोवती लहान भोके. डिझेल लहान भोकांतून आत जाते, कागदातून गाळून मधल्या भोकातून पंपाकडे निघते. कॅनमधले डिझेल मधल्या भोकात ओतले म्हणजे ते न गाळता थेट पंपाला दिले. फिल्टर कोरडाच बसवा आणि भरायचे काम प्रायमिंग पंपावर सोडा.

एअर काढणे

फिल्टरच्या डोक्यावर दाबायचे बटण किंवा पाइपात रबरी फुगा असतो, तो प्रायमिंग पंप. बॅटरी जोडा, पाइप बसवा, डोक्यावर एअरचा स्क्रू असेल तर अर्धा फेरा सैल करा आणि पंप दाबत राहा. सुरुवातीला तो पोकळ लागतो. नुसती हवा, मग फेस, मग बुडबुड्यांसकट डिझेल येते. बुडबुडे थांबून सलग धार आली की दाब धरून ठेवूनच स्क्रू आवळा. नंतर पंप हाताला घट्ट लागेपर्यंत आणखी दाबा. टाकीत विजेचा पंप असलेल्या गाडीत चावी फक्त ऑन करून अर्धा मिनिट थांबा, बंद करा, आणि असे चार-पाच वेळा करा. सेल्फ मारायचा नाही.

मगच सेल्फ. एका वेळी दहा सेकंद, पुढे मिनिटभर विश्रांती. लागोपाठ सेल्फ मारत बसलात तर सेल्फ तापेल आणि बॅटरी उतरेल. दोन-तीनदा होऊनही गाडी धरत नसेल तर परत प्रायमिंगला या. डिझेल हेच मोठ्या दाबाच्या पंपाचे वंगण आहे, तो कोरडा फिरवणे म्हणजे त्याला खरवडणे. म्हणूनच ढकलून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून चालू करणे, हवेच्या वाटेने स्प्रे मारणे, हे प्रकार इथे बिलकूल नकोत.

इंजिन लागल्यावर रेस करू नका. थोडे अडखळेल, मग सुरळीत होईल. पाच मिनिटे आयडलिंगला चालू ठेवा आणि सगळे जोड डोळ्यांनी, टॉर्च मारून तपासा. चालू इंजिनावर हात फिरवून गळती शोधायची नाही.

आता एक फसवी गोष्ट. अनेक पिकअपमध्ये इंजिनावरचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, म्हणजे चालू गाडीत फिल्टरवर दाब नसतो, उलट ओढ असते. अशा वेळी सील नीट बसले नसेल तरी डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. फिल्टर कोरडा ठणठणीत दिसतो आणि आपण खूश. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरून डिझेल मागे टाकीत उतरते, आणि सकाळी सेल्फ लांबतो. त्यामुळे काम बरोबर झाले की नाही याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळीच लागतो. एअर कुठून घेते ते सापडत नसेल, तर फिल्टर ते पंप या कमी दाबाच्या पाइपात तात्पुरता डिझेलला टिकणाऱ्या पारदर्शक नळीचा तुकडा घाला. बुडबुड्यांची रांग चालू राहिली तर गडबड फिल्टरच्या डोक्यात किंवा त्याच्याही मागे आहे. तपासणी झाली की मूळ पाइप पुन्हा लावा.

बाटलीत काय दिसते

तासाभराने काचेची बाटली उजेडात धरा. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते बुडाला बसते आणि मधली रेघ स्वच्छ दिसते. बोटभर पाणी निघाले तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही. बुडाला तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजते आहे. काळा चिकट थर असेल तर पाणी बराच काळ साचून राहिले आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जिवाणू वाढले. आणि चमचमणारी धातूची पूड दिसली, तर गाडी चालू करू नका. ती मोठ्या दाबाच्या पंपातून झिजून, परतीच्या पाइपाने टाकीत आणि तिथून फिल्टरमध्ये आलेली असू शकते. हे काम पंप-नोझलच्या जाणकाराचे.

पाणी येते कुठून? पेट्रोल पंपावरूनच येईल असे नाही. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की वरच्या हवेतली वाफ पत्र्याला लागून थेंब बनते. पावसाळ्यात कोकणात हे रोजचे. संध्याकाळी टाकी भरून गाडी लावली तर हवेला जागाच उरत नाही. टाकीच्या झाकणाचे रबर फाटलेले असेल तर दहा-वीस रुपयांचे नवे घाला. शेतावर पिंपात साठवलेले डिझेल तळापर्यंत उपसू नका, वरचे घ्या. पेट्रोल पंपाबद्दल शंका असेल तर भांडण न करता घनता मोजून मागा. त्यासाठीचे हायड्रोमीटर आणि तापमापक पंपावर ठेवावेच लागतात आणि ग्राहकाला ती तपासणी मागता येते.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा फिल्टरचा ड्रेन स्क्रू सैल करून कपभर डिझेल काढा, पाणी आहे का पाहा, आणि प्रायमिंग पंप दाबून फिल्टर परत भरा. बदलण्याचा किलोमीटरचा आकडा पुस्तिकेतला धरा, पण ती वरची मर्यादा आहे. धुळीच्या खाणीत, साखर कारखान्याच्या हंगामात किंवा डब्यातल्या डिझेलवर चालणाऱ्या गाडीला तेवढी वाट पाहू नका. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

जुना फिल्टर रात्रभर भांड्यावर उलटा ठेवून निथळू द्या आणि भंगारात किंवा गॅरेजला द्या. निघालेले डिझेल टाकीत परत ओतायचे नाही. वरचे स्वच्छ असेल ते पुढच्या वेळी पाने आणि पार्ट धुवायला ठेवा, पण गटारात किंवा विहिरीजवळच्या मातीत ओतू नका. भिजलेली फडकी गठ्ठा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

आणि नवा फिल्टर हजार-दोन हजार किलोमीटरमध्येच पुन्हा चोक झाला, तर तिसरा विकत आणू नका. टाकीच्या तळातला ड्रेन बोल्ट काढून ती रिकामी करा, मग उतरवा, आतली गाळणी काढून पाहा आणि टाकी आतून धुऊन, पूर्ण वाळवूनच परत चढवा.